काट्यावर न येणारी किरकिर

माझे भाऊजी वजनकाट्यांसाठी प्रोग्रॅम लिहितात. दुकानातल्या काट्यावर बटाटे ठेवले की समोरचा आकडा क्षणभर थरथरतो आणि मग स्थिर उभा राहतो. ते थरथरणं किती वेळ चालावं, हे ठरवणारी जी मोजकी माणसं जगात आहेत त्यांतले ते एक. आकडा लवकर थांबला तर खोटं बोलतो, उशिरा थांबला तर गिऱ्हाईक वैतागतं. या दोन्हींमधला पाऊण सेकंद भाऊजींनी गेली चोवीस वर्षं सांभाळला आहे. त्यामुळे असेल, पण घरातसुद्धा कुठलीही गोष्ट थोडी थरथरू दिल्याशिवाय ते मान्य करत नाहीत. "चहा झालाय," असं ताईनं म्हटलं तरी पाऊण सेकंद थांबून मगच उठतात.

घरात तीन काटे आहेत. एक ओट्यावर, एक बाथरूमच्या दाराशी आणि एक, सगळ्यांत नाजूक, त्यांच्या टेबलावर. मी शिकायला ताईकडे राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी बॅग तोलली होती. पुढे माझा प्रबंध बांधून आला तेव्हा तोही काट्यावर चढला.

"नऊशे चाळीस ग्रॅम," भाऊजी म्हणाले. "छान. परीक्षकांना एका हातात धरता येईल."

"वाचून तरी पाहा, भाऊजी."

"वाचायचं काम परीक्षकांचं. माझं मी केलं."

माझी ताई शाळेत शिकवायची. शाळेची नोकरी सुटल्यावर तिनं एका ध्वनिग्रंथालयासाठी वाचायला सुरुवात केली. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी तिथे पुस्तकं आवाजात साठवून ठेवतात. ताईचा आवाज स्वच्छ आहे, थोडासा खालच्या पट्टीतला. ती रागावते तेव्हासुद्धा शब्दांची शेवटची अक्षरं गिळत नाही. पण तीन वर्षं तिच्या वाट्याला आली ती सगळी माहितीपत्रकं. औषधांच्या डब्यांतले बारीक अक्षरांचे कागद, विम्याचे नियम, भाडेकरूंचे हक्क, एकदा तर शिवणयंत्राला तेल कसं घालावं याची चाळीस पानं. तिनं ते सगळं मन लावून वाचलं. पण तीन वर्षांत तिच्या तोंडून एकही माणूस बोलला नव्हता.

आणि मग एके दिवशी ग्रंथालयाच्या तपासनिसांचा निरोप आला. ध्वनिमुद्रणं तपासून पास-नापास करणारे हे गृहस्थ फार कमी शब्दांत लिहितात. निरोप असा होता: नदीवर नाव चालवणाऱ्या एका बाईची कादंबरी आहे, एकोणीस प्रकरणांची. तुमचा आवाज तिला शोभेल. पण मागच्या मुद्रणात तुमच्या पाठीमागे कुणीतरी दळण दळत होतं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपर्यंत दहा मिनिटांचा निर्मळ नमुना पाठवावा. नाहीतर पुस्तक दुसऱ्या वाचकाला द्यावं लागेल.

दळण दळणारा म्हणजे भाऊजींचा कॉम्प्युटर.

इथे घराची रचना सांगायला हवी. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीखाली लोखंडी जाळ्या बनवणाऱ्याचं वर्कशॉप आहे. सकाळी नऊ वाजता त्याचं कापायचं चाक सुरू होतं आणि मग त्या खोलीत कुणी स्वतःशीसुद्धा बोलू शकत नाही. शांत खोली एकच, मागची. तिला एक खिडकी, आणि त्या खिडकीवर ताईनं जुनी गादी उभी करून ठेवलेली. याच खोलीत टेबल, टेबलावर भाऊजींचा कॉम्प्युटर, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ताईचा माईक. मुद्रण त्याच कॉम्प्युटरवर व्हायचं. शिवाय आठवड्यातून तीन दिवस भाऊजी घरून काम करतात, तेव्हा त्यांच्या काट्यांच्या चाचण्या त्यातच तासन्तास चाललेल्या असतात. नऊ वर्षांचा तो कॉम्प्युटर सुरू होताना आधी खोकायचा, मग घोरायचा, आणि चाचण्या लागल्या की जिना चढून आलेल्या जाडजूड माणसासारखा धापा टाकायचा.

ताईनं तो निरोप छापला आणि चहाच्या कपाखाली ठेवून भाऊजींच्या पुढे सरकवला. भाऊजींनी कप उचलला, कागद वाचला, थोडे थरथरले, स्थिर झाले.

"नवा बांधतो," ते म्हणाले. "स्वतः एकेक भाग निवडून. असा की चालू आहे की बंद, ते कळणार नाही."

"बांधा की," ताई म्हणाली. "पण ताकाला जाऊन भांडं लपवू नका. माझ्या कादंबरीच्या नावाखाली तुमचे ट्रक घरात घुसवाल, ठाऊक आहे मला."

ट्रकचा किस्सा असा, की भाऊजी संध्याकाळी एक खेळ खेळतात. त्यात मालट्रक चालवत दूरदूरच्या गावांना माल पोचवायचा असतो. लोक असल्या खेळात गाड्या ठोकतात, पुलावरून उड्या मारतात. भाऊजी रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्याला थांबतात. वळायच्या आधी आरशात बघतात. एकदा त्यांना त्या खेळात दंड झाला, कशाबद्दल तर फार हळू चालवल्याबद्दल. जुन्या कॉम्प्युटरवर त्या खेळातला पाऊस म्हणजे काचेवर नुसत्या करड्या रेघा दिसायच्या. भाऊजींना थेंब बघायचे होते.

"ट्रकचा काही संबंध नाही," भाऊजी म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

मग पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. भाऊजींनी एक भलामोठा तक्ता केला. आडव्या रांगेत एकेक भाग, उभ्या रांगेत त्याचा आवाज, त्याची उष्णता, त्याची ताकद आणि त्याचं वजन. वजनाचा काय संबंध, असं मी विचारलं.

"काही नाही. पण माहीत असलेलं बरं."

तक्ता घेऊन ते सुट्या भागांच्या दुकानात जायचे. मीही दोनदा गेले, गंमत बघायला. दुकान एका बाईंचं आहे. चष्मा गळ्यातल्या साखळीला, बोटांच्या टोकांना कायम प्रोसेसरवर लावायची करडी पेस्ट, आणि गिऱ्हाईक काय बोलणार ते त्याच्या चालीवरून ओळखण्याची हातोटी. भाऊजींनी आधी पेटी निवडली होती, आतून सगळीकडून जाड नमदा लावलेली, चारी बाजूंनी बंद.

"का बरं ही?" बाईंनी विचारलं.

"आवाज बाहेर येऊ नये म्हणून."

"साहेब, माणसाला गोधडीत गुंडाळून पळायला लावलं तर त्याच्या धापा कमी होतील का वाढतील? आत वारा गेला नाही तर पंखे बिचारे जीव तोडून फिरणार. पुढून जाळीची घ्या. आवाज कोंडायचा नसतो, होऊच द्यायचा नसतो."

भाऊजींनी तक्त्यात एक ओळ खोडली. त्यांना खोडणं जड जातं. पेन्सिलीनं लिहिलेलं असूनही त्यांनी पट्टी लावून रेघ मारली.

बाईंनी मग एकेक करून त्यांना शांततेचा मार्ग दाखवला. पंखे मोठे घ्या, हळू फिरणारे. लहान पंखा तुरुतुरु धावतो आणि किंचाळतो, मोठा रमतगमत जातो, वारा दोघांचा तेवढाच. वीज पुरवणारा डबा गरजेच्या दुप्पट ताकदीचा घ्या. ज्याला अर्ध्या ताकदीत काम उरकतं त्याला घाम येत नाही, म्हणून त्याचा पंखा बहुतेक वेळ उभाच राहतो. माहिती साठवायला फिरणारी तबकडी नको, चिप घ्या. जे फिरतच नाही ते वाजणार कसं? प्रोसेसर सगळ्यांत तगडा नको, त्याच्या खालचा घ्या. काम तेवढंच करतो, तापतो कमी.

"आणि ग्राफिक कार्ड?" भाऊजींनी शक्य तितक्या निर्विकारपणे विचारलं.

बाई हसल्या. "त्यात काय खेळणार?"

"प्रोग्रॅमिंग," भाऊजी म्हणाले.

"प्रोग्रॅमिंग खेळणार," बाईंनी मान डोलावली आणि कपाटाचं दार उघडलं.

तिथे मात्र भाऊजींनी कुणाचं ऐकलं नाही. तक्त्यात ज्याचे आकडे सगळ्यांत उत्तम होते ते कार्ड त्यांनी उचललं. तीन पंखे, पण काम हलकं असेल तेव्हा तिन्ही बंद. कार्ड एवढं लांबरुंद की पेटीत बसवल्यावर ते वाकू नये म्हणून खालून टेकू द्यावा लागला. नाकापेक्षा मोती जड, ताई म्हणाली.

बांधणीचा दिवस रविवार. सकाळी चादर अंथरून भाऊजींनी सगळे भाग ओळीनं मांडले आणि एकेक काट्यावर ठेवून कागदावरच्या वजनाशी ताडून पाहिला. प्रोसेसरवर बसवायच्या थंडाव्याच्या यंत्रापाशी, म्हणजे दोन मोठे पंखे असलेल्या त्या धातूच्या ठोकळ्यापाशी, गाडी अडली.

"एक किलो तीनशे दहा. कागदावर तेराशे वीस आहे. दहा ग्रॅम कुठे गेले?"

"हवेत गेले," मी म्हटलं. "थंडावा देताना."

"मेहुणीबाई, चेष्टा नको. दहा ग्रॅम म्हणजे लहान नाहीत."

अर्धा तास काम थांबलं. खोके उलटेपालटे झाले. अखेर ताईला झाडताना टेबलाखाली चार स्क्रूंची पुडी सापडली. ती काट्यावर ठेवली, दहा ग्रॅम. भाऊजींच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की कॉम्प्युटर नाही चालला तरी चालेल.

चार वाजता बांधणी पुरी झाली. भाऊजींनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. शेवटी ताई खाली वाकून म्हणाली, "अहो, तुम्ही दर वेळी चालू करताय आणि पुन्हा बंद करताय. दिवा लागतोय बघा तिथे."

तो खरंच चालू होत होता. इतका गुपचूप, की ज्यानं बांधला त्यालाही पत्ता लागला नाही. आम्ही तिघं त्या काळ्या पेटीभोवती बसून राहिलो. खोलीत इतकी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. भिंतीपलीकडे कुणीतरी भांडं ठेवलं, तेही ऐकू आलं. भाऊजींनी ऑफिसमधून आवाज मोजायचं यंत्र आणलं होतं. कॉम्प्युटर बंद असताना एक आकडा, चालू असताना एक. दोन्ही सारखे. त्यांनी ते कागदावर लिहिलं, खाली तारीख घातली, सही केली.

"आता वाच तू," ते ताईला म्हणाले. आवाजात इतका अभिमान होता की चिडवायचं माझ्या मनात आलं आणि मी चिडवलं नाही.

सोमवारी सकाळी ताईनं माईक लावला, कानांवर हेडफोन चढवले, मुद्रण सुरू केलं. पडद्यावर तिच्या आवाजाची हिरवी रेघ उमटत पुढे सरकू लागली. दोन मिनिटांनी ती थांबली.

"किरकिरतंय."

"काय?"

"काहीतरी. अगदी बारीक. लांब कुठेतरी रातकिडा असावा तसं."

भाऊजींनी कान टवकारले. "काही नाही."

"आहे. मुद्रण सुरू केलं की येतं. बंद केलं की जातं."

मग शोध सुरू झाला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. फोनचा चार्जर उपटला. दिवा मालवला. फ्रिज बंद केला, तर दूध नासलं. किरकिर तिथेच. म्हणजे ताईच्या मते तिथेच. भाऊजींच्या मते ती कुठेच नव्हती. मोजायच्या यंत्राचा आकडाही भाऊजींच्याच बाजूनं होता.

"हे बघ," त्यांनी यंत्र ताईपुढे धरलं. "तू वाच हा आकडा. बंद: एवढा. चालू: एवढाच. किरकिर असती तर इथे आली नसती का?"

"मी आकडा ऐकत नाही. मी आवाज ऐकतेय."

"तीन वर्षं घरघरीत बसून तुझे कान वाजायला लागलेत."

हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं. ताईनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले, अगदी हळू, आणि ती स्वयंपाकघरात गेली. मला तेव्हा ऐकू येत होतं का? येत होतं, पण इतकं पुसट, की ताई म्हणाली म्हणून मला वाटतंय की खरंच आहे, हे ठरेना. मी गप्प राहिले, त्याची मला अजून थोडी लाज वाटते.

दोन दिवस घरात सभ्य अबोला होता. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, बोलणं माझ्यामार्फत. "तुझ्या भाऊजींना विचार, डबा हवाय का." "तुझ्या ताईला सांग, हवाय." भाऊजींनी एकदा मुद्रण स्वतः तपासलं, त्यांना त्यात फक्त ताईचा आवाज ऐकू आला. त्यांनी त्या दोन दिवसांत ट्रक बाहेर काढला नाही, हे मात्र मी नोंदवून ठेवते.

आणि गुरुवारी दुपारी मला टेबलावर ताईचा एक कागद दिसला. ती महत्त्वाचं पत्र आधी हातानं लिहिते. तपासनिसांना लिहिलं होतं: कादंबरी देऊ केल्याबद्दल आभार. पण घरी तशी शांतता होऊ शकत नाही, आणि हल्ली माझ्या कानांचाही मला भरवसा वाटत नाही. तरी हे पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावं.

मी तो कागद भाऊजींपुढे ठेवला. यावेळी चहा नव्हता. भाऊजींनी वाचला आणि बराच वेळ त्यांचा आकडा स्थिर होईना.

"भाऊजी," मी म्हटलं, "ताईच्या कानांवर तुमचा विश्वास नाही, ठीक आहे. मग मोजू या. कान मोजू या."

मोजायचं म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येत नाही. माझ्या फोनवर एक सोय होती: ती एक सूर वाजवते, सूर हळूहळू बारीक होत वर चढतो, आणि सेकंदाला किती कंपनं, तो आकडा पडद्यावर दिसतो. ताईला हाक मारली. ती हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली. मी फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. सूर निघाला, भांड्यावर चमचा घासावा तसा चढत गेला. पाच हजार. सात हजार. भाऊजी लक्ष देऊन ऐकत होते. नऊ हजाराच्या थोडं पुढे ते म्हणाले, "संपला."

मी ताईकडे पाहिलं. ताईचे दात शिवशिवत होते. माझे खांदे आपोआप वर गेले होते.

"संपला ना?" भाऊजींनी विचारलं. मग त्यांनी आमचे चेहरे पाहिले. "अजून चालू आहे?"

"हो."

"आत्ता?"

"हो, अहो," ताई म्हणाली. "चांगला टोचतोय."

आकडा अकरा हजार झाला. बारा. भाऊजी फोनकडे बघत होते आणि फोन त्यांच्यापुरता मुका होता. साडेतेराला ताई म्हणाली, "आता गेला." माझा त्याच्याही वर गेला. भाऊजींनी पेन्सिल घेतली आणि तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. आकड्यावर त्यांचा विश्वास, आणि आकड्यानंच त्यांना गाठलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एक वजन काट्यावर येत नव्हतं आणि दोष काट्याचा होता.

"पंचिंग मशीन," ते पेन्सिल खाली ठेवून म्हणाले.

एवढंच. पण आम्हाला समजलं. प्रोग्रॅम लिहायला लागायच्या आधी दहा वर्षं ते काट्यांची पितळी पारडी कापणाऱ्या यंत्राशेजारी उभे होते. त्या काळी कानात बोळे कुणी घालत नसे.

ताई येऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. मग भाऊजींनी ते पत्र घडी घालून तिच्या हातात दिलं.

"हे पाठवू नकोस. कुठून येतंय ते तू शोध. तू सांग, मी लिहितो."

ताईनं डोळे मिटले आणि कान पेटीजवळ नेला. हळूहळू खालून वर. पंख्यांपाशी नाही. विजेच्या डब्यापाशी नाही. ग्राफिक कार्डापाशी ती थांबली. "इथे." पडद्यावर तिच्या आवाजाची हिरवी रेघ सरकायची, ती रेघ काढताना कार्ड किरकिरत होतं. भाऊजींनी पडद्यावरच्या चित्राचा वेग कमी करून पाहिला. किरकिर खाली उतरली, गेली नाही. मुद्रणाची खिडकी झाकून पाहिली. तरी धुगधुगी राहिली. त्यांनी सगळं लिहिलं. त्यांना स्वतःला यातलं काहीही ऐकू येत नव्हतं, आणि ते पत्नीच्या भुवयांकडे बघून नोंदी करत होते.

शनिवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. कार्ड बदलून मिळण्याची मुदत संपायला एक दिवस होता. बाईंनी सगळं ऐकलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

"आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, त्यातून वीज धावली की ती थरथरतात. एकाच कारखान्यातली, एकाच दिवशीची दोन कार्डं घ्या. एक गातं, एक गप्प बसतं. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. आणि तुमचं ते मोजायचं यंत्र ठोकळ आवाजाचं. असा सुईसारखा बारीक आवाज त्याच्या चाळणीतून निसटतो."

"मग निवडायचं कसं?" भाऊजींनी विचारलं.

"कलिंगड कसं निवडता?"

"तोलून."

बाईंनी ताईकडे सहानुभूतीनं पाहिलं. मग त्यांनी दुकानातला पंखा बंद केला, एसी बंद केला, माऊस घ्यायला आलेल्या एका गृहस्थांना हलकेच बाहेरच्या पायरीवर बसवलं आणि दार लावून घेतलं. लाकडी टेबलावर उघडा कॉम्प्युटर मांडला होता. त्यात बाई एकेक कार्ड लावत गेल्या आणि ताई वाकून ऐकत गेली.

"हा तर रडतोय."

दुसरं कार्ड.

"हा झोपेत दात खातो."

तिसरं. भाऊजींच्याच कार्डाचं जुळं भावंड.

"याचा सूर वेगळा आहे. पण कमी नाही."

बाहेरून त्या गृहस्थांनी काचेवर टकटक केलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि ते निमूटपणे पुन्हा बसले. चौथं कार्ड लहानसं होतं, हातरुमालाएवढं. त्याला पंखाच नव्हता. नुसत्या धातूच्या पातळ फासळ्या. ताईनं कान लावला. फार वेळ लावला. मग मान वर केली.

"हे चालू आहे ना?"

"चालू आहे," बाई म्हणाल्या.

भाऊजींनी ते कार्ड लांबूनच न्याहाळलं. एखाद्या पैलवानाच्या बापानं बारक्या जावयाकडे पाहावं तसं.

"यावर... म्हणजे समजा कुणी खेळलं... तर पाऊस दिसेल का?"

"पाऊस दिसेल," बाई म्हणाल्या. "थेंब मोजता येणार नाहीत."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला सगळं कळतं. "अहो, राहू द्या. तुम्ही मोठंच ठेवा. मी कपाटात गोधड्यांमध्ये बसून वाचीन, इतकं काही नाही."

"एकोणीस प्रकरणं? कपाटात?" भाऊजी म्हणाले. "नदीवरची कादंबरी आहे ती. बाईची नाव कपड्यांत बुडेल." त्यांनी मोठ्या कार्डाचं खोकं बाईंच्या पुढे सरकवलं. सरकवताना बोटं जरा रेंगाळली. "हे परत घ्या. ते लहान द्या."

"बघा हं," बाई म्हणाल्या. "प्रोग्रॅमिंग नीट खेळता येणार नाही."

"येईल तेवढं खेळेन."

घरी आल्यावर त्यांनी लहान कार्ड काट्यावर ठेवलं, वजन बरोबर निघालं, आणि त्याचा त्यांना काही आनंद झालेला दिसला नाही. संध्याकाळी त्यांनी ट्रक काढला. मी मागून डोकावले. दूरची झाडं भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी दिसत होती, काचेवर त्याच जुन्या करड्या रेघा.

"कसं आहे, भाऊजी?"

"पावसात हळूच चालवावं," ते म्हणाले. "दिसतं कुठे काय."

रविवारी ताईनं नमुना मुद्रित केला आणि पाठवला. सोमवारी दिवसभर ती फोनपासून दोन हातांवर वावरत होती. भाऊजींनी तीनदा विचारलं, आलं का काही. चौथ्यांदा विचारायच्या आधी आलं. तपासनिसांनी लिहिलं होतं: खोली उत्तम. उद्यापासून सुरू करावं.

ताईनं ते मोठ्यानं वाचलं, मग पुन्हा एकदा मनात वाचलं, आणि "बरं" म्हणून भाजी चिरायला बसली. सुरी नेहमीपेक्षा जोरात चालत होती.

मंगळवार भाऊजींचा घरून कामाचा दिवस. ठरलं असं, की चाचण्या कॉम्प्युटरमध्ये आपल्या आपण चालतील, ताई वाचेल, आणि भाऊजी टेबलाच्या टोकाशी आधल्या चाचण्यांचे छापील कागद पेन्सिलीनं तपासतील. बोलायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही, कागद उलटताना बोटांनी उचलायचा. मी दाराशी जमिनीवर बसले. ताईनं हेडफोन चढवले, पाणी प्यायली, आणि पहिलं वाक्य वाचलं.

मी तिला औषधांच्या डब्यांतले कागद वाचताना ऐकलं होतं. हा आवाज तोच होता आणि नव्हता. त्यात एक म्हातारा खोकला, दोन बहिणी भांडल्या, आणि एक बाई पहाटेच्या धुक्यात नावेचा दोर सोडून, मागे न बघता, पलीकडे निघून गेली. ताईनं कुणाचीही नक्कल केली नाही. नुसती प्रत्येकाला बोलायला जागा करून दिली. पन्नास मिनिटं पेटीतून काही आलं नाही. चाचण्यांचे आकडे आपले मुकाट्यानं एकेक ओळ खाली जात होते.

प्रकरण संपलं. ताईनं मुद्रण थांबवलं, हेडफोन काढले, मान दोन्हीकडे फिरवली.

"झालं. तुमचं किती झालं?"

भाऊजींची पेन्सिल पहिल्या कागदाच्या पहिल्याच ओळीवर टेकलेली होती. तिथे एक छोटा काळा ठिपका तयार झाला होता.

"ती परत येते ना?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"ती बाई. नाव घेऊन गेली ती. म्हाताऱ्याला सांगितलंही नाही तिनं. परत येते की नाही?"

"ते उद्या," ताई म्हणाली.

"उद्या मला ऑफिस आहे."

"मग सगळ्यांसारखं थांबा. पूर्ण झालं की ग्रंथालयात येईल."

भाऊजींनी पाऊण सेकंद विचार केला. नंतर फोन उचलला, आमच्याकडे पाठ केली आणि खालच्या आवाजात साहेबांना सांगितलं, की उद्याही घरूनच काम करतो, चाचण्या जरा लांबल्या आहेत.